इंदुरात सरकारी कामाचा हिशेब मागताना: ‘का’ विचारू नका, कागद मागा

आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता कागदावर कधीच पूर्ण झाला होता. प्रत्यक्षात तो पिठाच्या गिरणीपाशी संपत होता आणि पुढे खडी, चिखल आणि एक उघडी नाली होती. पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, दोनदा गेलो, एका कार्यालयात चारदा. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं, “अरे भिया, हो जाएगा.” शेवटी झालंही, पण चौदा महिन्यांनी. त्यातले निदान सात-आठ महिने निव्वळ माझ्या अडाणीपणामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

ते खातं कोणतं होतं हे सांगत नाही. तिथली माणसंही आता बदलली आहेत, आणि अनुभव सगळीकडे साधारण सारखाच येतो.

1. तक्रार करायची आहे की हिशेब मागायचा आहे, हे आधी ठरवा

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची दारंही वेगळी आहेत. दिवा बंद आहे, कचरागाडी आली नाही, नाली तुंबली आहे, अशा कामांसाठी महापालिकेचं ‘इंदौर 311’ अ‍ॅप किंवा राज्याची 181 ही सीएम हेल्पलाइन बरी. दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात, म्हणजे मोती तबेल्याला, जनसुनवाई असते. तिथे अर्ज घेऊन थेट उभं राहता येतं. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.

181ची गंमत मात्र समजून घ्या. तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत चढत जाते. खालच्या अधिकाऱ्यानं मुदतीत निकाली काढली नाही तर ती आपोआप वरच्याकडे जाते. म्हणूनच खालच्या पायरीवरून तुम्हाला फोन येतो. फार गोड बोलतात. “सर, आपका काम हो रहा है, बस संतुष्टि दे दीजिए, शिकायत बंद करवा दीजिए.” मी दिली. मला वाटलं, माणूस इतकं आपुलकीनं बोलतो आहे तर काम करेलच. तक्रार ‘संतुष्टीपूर्वक बंद’ झाली आणि गल्लीत एक घमेलं सिमेंटही आलं नाही. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडातून ‘संतुष्ट’ हा शब्द काढायचा नाही. फोन चार वेळा येवो की चौदा वेळा.

पैसे कुठे गेले, कोणी सही केली, फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे विचारायचं असेल तर त्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, 2005, म्हणजेच आरटीआय. पुढचं सगळं त्याविषयी आहे.

2. काम कोणत्या खात्याचं आहे ते शोधा

इंदुरात एकाच रस्त्यावर तीन-तीन खाती खणतात. महापालिका, विकास प्राधिकरण, लोकनिर्माण विभाग, वीज कंपनी, शिवाय स्मार्ट सिटीवाले. मी पहिला अर्ज चुकीच्या ठिकाणी दिला होता. खरं तर तेही चालतं. कलम 6(3) प्रमाणे अर्ज ज्यांच्याकडे आला त्यांनी तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. पण व्यवहारात तो पाठवण्यातच वेळ जातो.

सोपा उपाय म्हणजे कामाच्या जागी लावलेली पाटी पाहणं. पाटी नसेल तर राज्याच्या ‘एमपी टेंडर्स’ पोर्टलवर वॉर्ड किंवा वस्तीच्या नावानं शोधा. निविदेची रक्कम, अंदाजपत्रक, खात्याचं नाव तिथे फुकट मिळून जातं. एवढं हातात असलं की अर्ज निम्मा लिहून झालाच.

3. पुण्याचा नमुना वापरू नका

आपल्या मराठी घरांतला हा खास घोटाळा. माझ्या मावसभावानं पुण्याहून अर्जाचा सुंदर नमुना पाठवला, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसकट. मी तो जसाच्या तसा उतरवला, अगदी मराठीत. खिडकीवरच्या बाबूंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ये कौन सी भाषा में है, साहब?”

चूक त्यांची नव्हती. कायद्यात अर्जाला इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते. मध्य प्रदेशात मराठी त्यात बसत नाही. घरात तीन पिढ्या मराठी बोलत असलो तरी अर्ज हिंदीतच द्या. आणखी काही फरक लक्षात ठेवा:

- तिकडचा ‘जन माहिती अधिकारी’ इकडे ‘लोक सूचना अधिकारी’ असतो. पाकिटावर हेच लिहा.
- अर्जाचे 10 रुपये. रोख भरून पावती घ्या, तेच सगळ्यांत बिनघोर. नॉन-ज्युडिशियल स्टँपही चालतो. पुण्याचा कोर्ट फी स्टँप लावून बसू नका.
- महाराष्ट्रात पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला 20-20 रुपये लागतात. इथे पहिल्याला 50 आणि दुसऱ्याला 100.
- दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर अर्जाची फी नाही. कार्डाची झेरॉक्स जोडा.
- महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा असं आहे. ती सवय मात्र तिकडून उचलण्यासारखी आहे.

4. प्रश्न लिहू नका, कागदांची नावं लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

माझा पहिला अर्ज दीड पानांचा होता. त्यात ‘रस्ता अर्धवट का सोडला?’, ‘याला जबाबदार कोण?’, ‘नागरिकांनी किती दिवस चिखल तुडवायचा?’ असे पाच प्रश्न होते. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “भाषण छान आहे.” एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: मागितलेली माहिती प्रश्नात्मक आहे, म्हणून देता येत नाही.

चिडलो, पण कायद्याच्या दृष्टीनं ते अगदीच चूक नव्हतं. सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सांगितलं आहे की, खात्याकडे जी माहिती आहे तीच त्यानं द्यायची. तुमच्यासाठी मत बनवणं, सल्ला देणं किंवा नवीन माहिती तयार करणं त्याच्यावर बंधनकारक नाही. ‘का’चं उत्तर कोणत्याच कपाटात ठेवलेलं नसतं. कागद मात्र असतो.

राजस्थानातल्या ब्यावरला 1996 साली मजदूर किसान शक्ति संघटनेनं चाळीस दिवस धरणं धरलं होतं, ते खर्चाची बिलं आणि मस्टर रोल (मजुरांची हजेरीपत्रकं) यांच्या प्रतींसाठी. आमची मजुरी कुठे गेली, हे त्या लोकांनी नुसतं विचारलं नाही. ज्या कागदावर मजुरी दिल्याचं लिहिलं होतं तो कागद मागितला. त्या कागदावर मेलेल्या माणसांचे अंगठे निघायचे. हा कायदा त्याच मागणीतून उभा राहिला आहे, म्हणून तो कागदाचीच भाषा समजतो.

बांधकामासाठी मागायचे कागद, त्यांच्या इथल्या नावांसकट:

- कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर
- स्वीकृत प्राक्कलन, म्हणजे मंजूर एस्टिमेट
- अनुबंध, म्हणजे ठेकेदाराशी केलेला करार. दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर किती वर्षं आहे ते यात असतं
- माप पुस्तिकेची (सगळे ‘एमबी’ म्हणतात) त्या कामाची पानं
- देयकं आणि भुगतान व्हाउचर
- कार्य पूर्णता प्रमाणपत्र

प्रत्येकापुढे ‘प्रमाणित प्रतिलिपि’ असं लिहा. वॉर्ड क्रमांक, गल्लीची खूण (कुठून कुठपर्यंत) आणि कालावधी घाला. ‘आमच्या भागातील सर्व कामे’ असं लिहिलंत की माहिती फार विस्तृत आहे असं उत्तर ठरलेलं.

काम बांधकामाचं नसेल, तुमचा एखादा जुना अर्जच अडकला असेल, तर एक फार उपयोगी ओळ सांगतो. आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या संपूर्ण नोटशीटची प्रत द्या. नोटशीट म्हणजे फाईलच्या डाव्या बाजूचे ते हिरवट कागद. कोणी काय शेरा मारला, कोणत्या तारखेला, पुढे कोणाकडे पाठवलं, सगळं सहीसकट असतं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे नोटशीटवर लिहिता येत नाही. माझ्या अर्जाच्या नोटशीटवर दोन सह्यांमध्ये एक्याण्णव दिवसांचं अंतर होतं आणि मधे एक शब्द नव्हता.

आणखी दोन गोष्टी. माहिती कशाला हवी हे सांगण्याची गरज नाही, कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे. कोणी विचारलं तर हसून ‘अशीच’ म्हणा. आणि कुणाचा मोबाईल नंबर, ठेकेदाराचं बँक खातं, कर्मचाऱ्याच्या घरचा पत्ता असलं काही मागू नका. व्यक्तिगत माहितीचं कलम 2023च्या डेटा संरक्षण कायद्यानं आणखी आवळलं आहे. एका अशा ओळीमुळे अख्खा अर्ज अडवायला निमित्त मिळतं.

5. अर्ज द्यायला जाताना बरोबर काय न्यायचं

- अर्जाच्या तीन प्रती. एक त्यांची, एक तुमची पोच, एक घरच्या फाईलला
- सुटे दहा रुपये. शंभराची नोट पाहून खिडकी बंद झालेली मी पाहिली आहे
- पाटीचा किंवा जागेचा फोटो, स्वतःच्या आठवणीसाठी. अर्जाला जोडू नका

अर्जावर नाव, पत्ता, फोन पुरतो. आधारची झेरॉक्स कायद्यात कुठेही मागितलेली नाही. तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, या चारही गोष्टी घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घ्यायला नाहीच म्हणाले तर वाद घालू नका. सरळ पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्ट्री’ मागून गोंधळू नका. राज्याचं ऑनलाइन आरटीआय पोर्टलही आहे. ज्यांचा मुलगा किंवा नात हाताशी आहे त्यांनी जरूर वापरावं.

6. तीस दिवस

अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर यायला हवं. प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर 48 तासांत. या दिवसांत रोज फोन करू नका, फक्त कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

यात एक सापळा आहे. पंचविसाव्या दिवशी पत्र येतं की अमुक पानांचे अमुक रुपये भरा. पानाला 2 रुपये दर आहे. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत. तेव्हा पत्र आलं की त्याच दिवशी पैसे भरा आणि पावती जपा. उलट, तीस दिवस उलटून गेले असतील तर कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. मला एकशे चौदा पानं अशीच फुकट मिळाली. त्यांनी पैसे मागितले होते. मी फक्त कलमाचा आकडा कागदावर लिहून दिला.

पानं फार होणार असतील तर आधी निरीक्षण मागा. फाईल समोर ठेवून बघता येते, हवी तेवढीच पानं निवडता येतात. कायद्यात काम पाहण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, खिडकीवरच्यांनाही.

7. एमबी कशी वाचायची

कागद हातात आले म्हणजे काम झालं असं वाटतं. मीही गठ्ठा कपाटात ठेवून आठवडाभर खुशीत होतो. मग शेजारच्या आप्पांनी विचारलं, “वाचलंत का?”

एमबीच्या पानावर रकाने असतात: कामाचं वर्णन, नग, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण. आमच्या रस्त्यापुढे लांबी 112, रुंदी 3.50, जाडी 0.15, परिमाण 58.80 घनमीटर असं लिहिलं होतं. खाली सह्या. गुणाकार बरोबर होता. रविवारी सकाळी आप्पांनी तीस मीटरची टेप आणली. त्यांच्या नातवानं एक टोक गल्लीच्या तोंडाशी धरलं, मी दुसरं धरत धरत गिरणीपर्यंत आलो. 61 मीटर. उरलेल्या एक्कावन्न मीटरांवर खडी होती, आणि तिच्यावर गिरणीवाल्यांची म्हैस बसली होती.

हे मोजमाप एका कोऱ्या कागदावर तारखेसह लिहून काढा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, फोटो काढा. आता मंगळवारच्या जनसुनवाईत जा. माझ्या हातात पूर्वी ‘रस्ता अर्धवट आहे’ अशी तक्रार असायची. या वेळी एमबीचं प्रमाणित पान आणि टेपचं माप शेजारी-शेजारी होतं. अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली.

कोणावर ‘भ्रष्टाचारी’ असा शिक्का मात्र मारू नका, लेखी तर अजिबात नाही. आकडे पुढे ठेवा आणि दोन्हींत फरक आहे एवढंच म्हणा. पैशांचा गंभीर गैरव्यवहार दिसत असेल तर राज्यात लोकायुक्त आहेत. तिथे शपथपत्र लागतं, तेव्हा वकिलाला विचारूनच जा.

8. उत्तर आलं नाही तर

तीस दिवस संपले किंवा अपुरं उत्तर आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, पहिलं अपील. फी 50 रुपये. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. सुनावणीला बोलावतात. जा, आणि पाच मिनिटांत सांगा: हा अर्ज, ही तारीख, हे मागितलं, हे मिळालं नाही. गल्लीची करुण कहाणी तिथे नको. मी सांगितली आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तिथेही जमलं नाही तर नव्वद दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, फी 100 रुपये. आयोग लोक सूचना अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. तारीख लागायला बराच वेळ जातो, त्याची तयारी ठेवा. पण दुसऱ्या अपिलाची प्रत खात्यात पोहोचली की पुष्कळदा आधीच फोन येतो. आमचं प्रकरण तर पहिल्या अपिलातच निघालं.

9. पार्षद, आमदार, खासदार यांचं काय

निवडून आलेल्या माणसाच्या घरी आरटीआय देता येत नाही, पण त्याच्या नावानं खर्च होणारा पैसा कार्यालयातूनच जातो. खासदार निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. त्यातल्या तुमच्या भागातल्या कामांची यादी, शिफारसपत्र आणि पूर्णता प्रमाणपत्र जिल्ह्याच्या पातळीवर मागता येतं. आमदार निधीचंही तसंच. उमेदवारीच्या वेळी दिलेली मालमत्तेची आणि गुन्ह्यांची शपथपत्रं तर मागावीही लागत नाहीत. आमदार-खासदारांची निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. वाचा एकदा, जेवल्यानंतर निवांत.

10. फाईल

एक साधी फाईल करा. वरच्या कागदावर फक्त तारखा: अर्ज दिला, तीस दिवस कधी संपतात, अपिलाची शेवटची तारीख. आमची फाईल आप्पांकडे असते, कारण मी वस्तू हरवतो. आमचा रस्ता झाला, पूर्ण 112 मीटर. कोणावर कारवाई झाल्याचं मला कळलेलं नाही. त्या नोटशीटची प्रत मागितली आहे.

आणि हो, पोचेवरचा शिक्का ओला असताना कागदाची घडी घालू नका. माझ्या एका पोचेवर तारीख दुसऱ्या बाजूला उमटली, 13 आहे की 18 हे कुणालाच सांगता येईना, आणि त्या पाच दिवसांवर अपील मुदतीत आहे की नाही यावरच अर्धी सुनावणी गेली.